नायट्रिकमध्ये धुतलेले बीजाणू

"मॅडम, ह्या वेळच्या स्लाइड्स बगितल्यात ना, कशा चकाचक आल्या," डोरिस म्हणाली. "नायट्रिकमध्ये जरा जास्तच वेळ ठेवल्या. तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून."

मी तेव्हा टी.वाय.च्या मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी ट्रे लावत होते. हातातून ट्रे पडला वगैरे काही नाही. मी तो नीट टेबलावर ठेवला आणि कुठल्या स्लाइड्स म्हणून विचारलं. विचारायची गरज नव्हती. एवढ्यात आमच्या विभागात नवा दगड एकच आला होता, आणि तो माझ्या मुलानं आणला होता.

मी काय काम करते ते आधी सांगते, कारण ते माझ्या घरातही कुणाला धड माहीत नाही. माझा नवरा, रमाकांत, विचारणाऱ्यांना "सुनेत्रा कॉलेजात दगड शिकवते" असं सांगतो, आणि लोक पुढे काही विचारत नाहीत. मी चिखलाच्या जुन्या दगडांत अडकलेले बीजाणू बघते. नेच्यांचे, शेवाळांचे, धुळीच्या कणाएवढे. चिखलात पडले, चिखलाचा दगड झाला, हे आत राहिले. सगळी गंमत त्यांच्या रंगात असते. कांदा परतताना आधी सोनेरी होतो, मग तपकिरी, आणि आपलं लक्ष नसलं की काळा, तसंच यांचं. ताजा बीजाणू फिकट पिवळा असतो. दगड जमिनीत तापत गेला की तो नारिंगी होतो, मग तपकिरी, मग काळा. करपलेला कांदा काही परत सोनेरी होत नाही, म्हणून आज दगड थंडगार असला तरी एके काळी तो किती तापला होता हे रंगावरून सांगता येतं. पिवळा म्हणजे दगड कच्चा, त्यातून काही निघालेलं नाही. नारिंगी-तपकिरी असेल तर तेल. गडद तपकिरी असेल तर वायू.

दगडात असेपर्यंत तो रंग मागे जात नाही. पण आमच्या लॅबमध्ये जातो. नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवलं की आजूबाजूचा काळा कचरा जातो, बीजाणूही उजळतो, आणि स्लाइड इतकी सुरेख दिसते की मुलं मोबाइलवर फोटो काढतात. ओळख पटवायला ते उत्तम. रंग बघायचा असेल तर मात्र नायट्रिक लावायचंच नाही, हा पहिला धडा. मी दर वर्षी तो शिकवते.

आणि डोरिसला मी फक्त "एवढी स्लाइड कर गं" म्हटलं होतं. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. डोरिस खोताच्या वाडीतली, आमच्या लॅबमध्ये माझ्याइतकीच जुनी, हाताला अतिशय साफ. तिनं माझ्या डोळ्यांची काळजी केली. तिचं काही चुकलं नाही.

माझा मुलगा, शंतनु, भूवैज्ञानिक आहे. कॉटन ग्रीनला, जुन्या कापसाच्या गोदामांमागे, पाण्याच्या बोगद्यासाठी एक खोल खड्डा खणतायत, तिथे तो रोज उतरून दगड तपासतो. मुंबईच्या पोटात सगळा काळा कातळ, लाव्ह्याचा. पण लाव्ह्याचे दोन थर पडायच्या मधल्या काळात इथे डबकी होती, झाडं होती, बेडूक होते. त्या डबक्यांचा चिखल मधेच एखाद्या काळ्या पट्टीसारखा सापडतो. शंतनुला खाली ती पट्टी लागली. ड्रिलच्या भोकात पाणी भरलं की त्यातून बुडबुडे येत होते. त्यानं काम थांबवायला लावलं, गॅसचं मीटर सतत चालू ठेवा म्हणाला, तोवर खाली वेल्डिंग करू नका म्हणाला. साइटवर सगळे त्याच्यावर वैतागले. पोरगं हट्टी आहे, माझ्यावर गेलंय. मग एका संध्याकाळी तो एका पिशवीत त्या पट्टीचा तुकडा घेऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "आई, तू बघशील?"

आजवर मला घरात कुणी असं काही विचारलं नव्हतं. मला काय आनंद झाला ते काय सांगू. स्लाइड तयार झाल्या झाल्या मी भिंगाखाली धरली, एकामागून एक पिवळेधमक बीजाणू दिसले, आणि मी जागेवरूनच त्याला फोन केला. पिवळे आहेत, दगड कच्चा आहे, वायूबियू काही नाही, बुडबुडे नुसत्या अडकलेल्या हवेचे असतील. कुणी विचारलं तर माझं नाव सांग, असंही वर म्हटलं. त्या स्लाइडमध्ये काळ्या कचऱ्याचा एक कण नव्हता. इतकी स्वच्छ स्लाइड नायट्रिकशिवाय होत नाही हे माझ्या विद्यार्थ्यांनाही कळलं असतं. मला पिवळा हवा होता, मला पिवळा दिसला. शंतनुनं आपला हट्ट सोडला, आणि आज सकाळी डबा घेऊन जाताना सांगून गेला की खड्ड्याच्या तळाशी लोखंडी कमानी बसवायच्या आहेत, वेल्डिंग सुरू होतंय.

"डोरिस," मी म्हटलं, "नायट्रिकमध्ये टाकायच्या आधीचं काही ठेवलंयस?"

ती म्हणाली, अर्धं नेहमीच ठेवते. माझा आवाज तिला आवडला नसावा, कारण पुढे काही न विचारता तिनं कपाटातून नळी काढली. मी काचेवर एक थेंब सोडला, वर पातळ काच ठेवली आणि भिंगाखाली सरकवली. पहिला बीजाणू दिसेपर्यंत मी देवाला पिवळा मागत होते, आणि मी देव-देव करणाऱ्यातली नाही.

तो तपकिरी होता. दुसराही. मी काच सरकवत राहिले. एखादा तरी फिकट निघेल, म्हणजे आधीचे अपवाद होते म्हणता येईल, असं वाटत होतं. सगळे तसेच, काही तर काठाशी काळे पडलेले. रंग पडताळायचा आमचा जुना नमुन्यांचा संच शेजारी लावला. बरोबर वायूच्या घरात बसत होते. त्या चिखलाला जवळून लाव्ह्याची एखादी शीर भाजून गेली असणार, आणि वर कातळाचं झाकण. निघालेला वायू कधीच उडून गेला असेल, किंवा अजून फटींत दबा धरून बसला असेल. बुडबुडे आलेच होते.

डोरिसनं भिंगातून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली. मला वाटलं आता ही रडणार आणि मला हिला सांभाळावं लागणार. पण ती पायातली लॅबची चप्पल बदलून, दोघींच्या पर्स घेऊन दारात उभी राहिली.

शंतनुचा फोन लागेना. खाली रेंज नसते, मला माहीत होतं, तरी मी लावत राहिले. टॅक्सीत बसल्यावर चिंतामणीचं नाव आठवलं. चिंतामणी रेडकर तिथला इंजिनिअर. मागे एकदा शंतनुनं त्याच्या मोबाइलवरून फोन केला होता, तो नंबर मिळाला. बराच वेळ वाजला, मग त्यानं उचलला. मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की मी चुकीचं सांगितलं, खाली वायू असू शकतो, वेल्डिंग थांबवा आणि माणसं वर घ्या.

तो सभ्यपणे म्हणाला की मॅडम, तुमच्याच सांगण्यावरून सुरू केलं ना. आता थांबवायचं तर वरून परवानगी लागेल, साहेब मीटिंगमध्ये आहेत, तुम्ही दोन ओळी लिहून पाठवता का. मी विचारलं, मीटर कुठे आहे. तो म्हणाला, ऑफिसच्या कपाटात, तुम्ही नाही म्हणालात म्हणून.

"चिंतामणी, माझा मुलगा खाली आहे," मी म्हटलं.

"बघतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. बघतो म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मी पुन्हा लावला, तो एंगेज लागला. निदान कुणाशी तरी बोलतोय, असं मी स्वतःला समजावलं.

माझगावपर्यंत ठीक आलो. रे रोडच्या पुलाजवळ ट्रकांच्या रांगेत टॅक्सी उभी राहिली ती राहिलीच. डोरिस पुटपुटत प्रार्थना करत होती. एरवी मी तिची थट्टा केली असती, तेव्हा मला तिचा राग आला, आणि ती थांबली तेव्हा त्याहून भीती वाटली. मी तिला म्हटलं, चालू ठेव. खिडकीतून मी कॉटन ग्रीनच्या दिशेनं आभाळाकडे बघत होते. धूर दिसत नव्हता. बंद जागेत पेट घेतला तर धूर आधी दिसत नाही, आधी आवाज येतो, हेही मला माहीत होतं. जास्त शिकलेलं असं वेळेला अंगाशी येतं. मागून एका ट्रकचा टायर फुटला आणि मी ओरडले. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि फुटपाथच्या कडेनं गाडी काढली.

फाटकावरच्या सिक्युरिटीवाल्यानं हेल्मेटशिवाय आत सोडणार नाही म्हणून हात आडवा घातला. डोरिसनं त्याच्याच डोक्यावरचं काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. तो बघतच राहिला, आणि आम्ही आत गेलो.

चिंतामणी खड्ड्याच्या कठड्याशी उभा होता, मोबाइल कानाला लावून. मला बघून त्याचा चेहरा उतरला. साहेब फोन उचलत नाहीत, असं तो सांगायला लागला. खड्ड्यातून वेल्डिंगचा तो निळा उजेड मधूनमधून भिंतीवर पडत होता. मी एवढंच म्हटलं, की परवानगी मी देते, उद्या मला तुरुंगात टाका. त्याला बहुधा कुणीतरी असं म्हणायलाच हवं होतं. त्यानं खाली जाणारा इंटरकॉम उचलला, शंतनुला बोलवा, त्याची आई आलीय म्हणाला, आणि माझ्या हातात दिला.

"आई? तू इथे काय करतेस?" शंतनुच्या आवाजामागे वेल्डिंगची चरचर ऐकू येत होती.

"शंतनु, सगळं पेटतं बंद करायला सांग. आत्ता. बीजाणू पिवळे नाहीत."

"कुठला रंग?"

"गडद तपकिरी. स्लाइड नायट्रिकमध्ये धुतलेली होती."

मग त्याचा आवाज दूर गेला, "गुणाजी, बंद करा, बंद, काही ठेवू नका चालू," असं ऐकू आलं आणि चरचर थांबली. तो परत आला आणि म्हणाला, "बरं. आम्ही वर येतो." त्याचा आवाज घाबरलेला नव्हता. तो लहान असताना मी त्याला रस्ता ओलांडायला सांगायचे तेव्हा असाच बरं म्हणायचा.

वर यायला क्रेनच्या दोराला लटकवलेला लोखंडी पाळणा. एका खेपेत सगळी माणसं मावत नव्हती. पहिल्या खेपेला पाळणा कठड्यावर आला तेव्हा मी एकेक चेहरा बघितला. घामानं, मातीनं भरलेले चेहरे, त्यात शंतनु नव्हता. एक जण म्हणाला, शंतनुसाहेब आणि गुणाजी मागे राहिले, दोघंच राहिलेत. गुणाजी म्हणजे त्यांचा सगळ्यात जुना वेल्डर. अर्थात मागे राहणार. मीच वाढवलेला आहे, शेवटी उतरायचं आणि आधी चढायचं हे त्याला जमलं नसतं.

चिंतामणीनं तोवर कपाटातून मीटर आणलं होतं. त्यानं ते चालू करून रिकाम्या पाळण्याला बांधलं आणि क्रेनवाल्याला हातानं खूण केली. सावकाश. मला कळलं त्याला कशाची भीती वाटतेय. पाळणा लोखंडाचा, खाली कमानी लोखंडाच्या. आदळला तर ठिणगी. पाळणा सुईत दोरा ओवावा तसा खाली चालला. इतका हळू, की मला खाली जाऊन तो स्वतः ओढावासा वाटत होता, आणि आणखी हळू सोड रे बाबा, असंही वाटत होतं. वर आलेली माणसंही जायची सोडून कठड्याला धरून उभी होती.

तो बराच खाली गेला आणि मीटर वाजायला लागलं.

आधी एकेक टिक्, मग सलग. खड्ड्याच्या भिंतींवर आपटून तो आवाज वर येत होता. म्हणजे होता. वायू होता, तिथेच, आणि माझा मुलगा त्याच्यात उभा होता, माझ्या शब्दावर विसंबून. डोरिसनं मला मागून कंबरेला धरलं. इतक्या वर्षांत मी जेवढ्या स्लाइड्स बघितल्या, जेवढे पेपर लिहिले, ते सगळं घे आणि एवढा एक पाळणा वर येऊ दे, असं मी म्हणत होते. मोठ्यानं म्हणत असेन, कारण चिंतामणीनं एकदा वळून पाहिलं.

पाळणा तळाशी टेकला. काही क्षण काहीच झालं नाही. मग दोर ताणला. वर येताना पाळणा एकदा भिंतीला घासला, लोखंडाचा लांबलचक ओरखडा ऐकू आला आणि मी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनी मी वाट बघत राहिले. मीटरचा आवाज वर येत होता, मग तुटक झाला, मग थांबला. डोरिस कानात म्हणाली, "आला, बाय, आला."

गुणाजी आधी उतरले. साठीला आलेले, लालबागचे, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर तसाच. मग शंतनु. मी काहीतरी चांगलं बोलायचं ठरवलं होतं. त्याऐवजी मी त्याच्या दंडावर दोन-तीन जोरात फटके मारले, सगळ्यांसमोर, आणि मग तो दंड धरूनच ठेवला. तो हसला नाही, चिडला नाही. त्याचं अंग थरथरत होतं ते मला तेव्हा हाताला लागलं.

मग धावपळ सुरू झाली. चिंतामणीचा साहेब एकदाचा फोनवर आला, खड्ड्याभोवती दोऱ्या बांधल्या गेल्या, मोठे पंखे मागवले, अग्निशमनवाल्यांना कळवलं. माणसं गोदामाच्या भिंतीच्या सावलीला बसली. मीही त्यांच्यात जाऊन जमिनीवर बसले. कुणीतरी चहा आणला. चूक कुणाची हे मी सांगून टाकलं, नायट्रिकचं, सगळं. डोरिस मधेच म्हणायला लागली की ॲसिडमध्ये मी ठेवलं होतं. मी तिला गप्प केलं. मला वाटलं होतं ही माणसं मला आता शिव्या घालतील. निदान उठून तरी जातील. कुणी उठलं नाही.

मग गुणाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, उद्या उतरूचा की नाय, तां तेवढा सांगा."

सगळ्यांनी माना वळवल्या. चिंतामणीही फोन खाली घेऊन थांबला. माझं कुणीतरी ऐकावं, माझ्या कामाला कुणीतरी विचारावं म्हणून मी आयुष्यभर कुढत आले. आता एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मी त्यांना चुकीचं सांगितलं होतं, ते मरता मरता वाचले होते, आणि तरी ते मलाच विचारत होते. मीटरला विचारा, पंखेवाल्यांना विचारा, साहेबांना विचारा, काय वाटेल ते माझ्या ओठांवर आलं. कधीच उतरू नका, असंही आलं.

"मला अजून माहीत नाही," मी म्हटलं.

गुणाजींनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पटलेलं दिसलं. शंतनु माझ्या शेजारी बसला होता. हातावरची माती झाडत तो म्हणाला, "ठीक आहे. बघ तू नीट. तू सांगितलंस की मी उतरतो."

किती सहज म्हणाला. मला धीर द्यायला म्हणाला असता तर मी समजू शकले असते, पण तसं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. उद्या, परवा, मी भिंगातून मान वर करून हो म्हणेन आणि हा डबा घेऊन, हेल्मेट घालून खाली जाईल. मीटर वाजत होतं तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. डोरिस माझ्या काखेत हात घालून मला उठवत होती, पण मला काही उठता येईना.